चीनचा जननदर ‘एक मूल’ धोरणाच्या आधीच निम्म्यावर आला होता

जुलैतला लोकसंख्या दिन जवळ आला की एक संदेश हमखास फिरू लागतो. त्याचा मजकूर असा: ‘चीनने १९८० मध्ये एका मुलाचा कायदा केला, ४० कोटी जन्म रोखले आणि लोकसंख्या आटोक्यात आणली. आपण कायदा केला नाही म्हणून आज चीनच्या पुढे गेलो. दोन अपत्यांची सक्ती हाच उपाय.’ संदेश पाठवणाऱ्यांची काळजी खरी असते, पण त्यातली माहिती चुकीची आहे.

‘कायद्यामुळे जननदर घसरला’

आधी जननदर कसा काढतात ते पाहू. १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांचे पाच-पाच वर्षांचे सात गट करतात. प्रत्येक गटात त्या वर्षी दर स्त्रीमागे किती जन्म झाले ते मोजतात, सातही आकड्यांची बेरीज करतात आणि तिला पाचने गुणतात. आजचेच प्रमाण टिकले तर एका स्त्रीला आयुष्यभरात सरासरी किती मुले होतील, हे त्यातून कळते.

चीनमध्ये हा आकडा १९७० साली ५.८ च्या आसपास होता. १९७९ साली तो २.७ च्या जवळ आला. एक मूल धोरणाचे जाहीर पत्र निघाले सप्टेंबर १९८० मध्ये. म्हणजे मोठी घसरण आधीच होऊन गेली होती.

ती घडली १९७० च्या दशकातल्या ‘उशिरा, अंतराने, कमी’ या मोहिमेच्या काळात. ग्रामीण भागात मुलीचे लग्न २३ आणि मुलाचे २५ वर्षांनंतर, शहरात त्याहूनही उशिरा. दोन मुलांत तीन-चार वर्षांचे अंतर. आणि शहरात दोन, खेड्यात तीन मुलांवर थांबायचे, असा आग्रह होता. या मोहिमेतही दडपण होते, ती निव्वळ ऐच्छिक नव्हती. पण त्याच दशकात दक्षिण कोरियाचा जननदर अशा सक्तीशिवाय ४.५ वरून २.८ वर आला. थायलंडमध्ये १९७० च्या सुमारास तो साडेपाचच्या आसपास होता, आणि १९९० च्या सुमारास दोनच्या जवळ पोचला. तिथेही मुलांच्या संख्येवर कायदा नव्हता.

१९८० नंतर काय झाले, हा भाग संदेशात कधीच नसतो. सर्वांत कडक धोरण लागू असताना चीनचा जननदर दशकभर साधारण सव्वादोन ते तीन यांच्या दरम्यान वरखाली होत राहिला. १९८० च्या विवाह कायद्याने लग्नाचे किमान वय मुलींसाठी २० आणि मुलांसाठी २२ ठरवले. कागदावर ही वाढ होती. प्रत्यक्षात मात्र मोहिमेचा २३-२५ चा आग्रह सैल पडला, खोळंबलेली लग्ने एकदम झाली आणि पहिल्या बाळंतपणांची संख्या वाढली. ग्रामीण विरोध इतका होता की १९८४ पासून बहुतेक प्रांतांत पहिली मुलगी असलेल्या शेतकरी कुटुंबांना दुसऱ्या मुलाची परवानगी द्यावी लागली. लोकसंख्या दीर्घकाळ स्थिर ठेवायला दर स्त्रीमागे साधारण २.१ मुले लागतात; ही पातळी ओलांडून दर खाली गेला तो १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला. शहरीकरण, कारखान्यांतली नोकरी आणि शिक्षणाचा वाढता खर्च हेही त्याच काळातले.

‘४० कोटी जन्म रोखले’

हा आकडा १९७० चा जन्मदर पुढे तसाच राहिला असता, असे धरून काढलेला आहे. त्यामुळे धोरणाआधीच्या दहा वर्षांतली सगळी घट धोरणाच्या खात्यावर जमा होते, आणि शिक्षण व बालमृत्यूतली घट यांचा परिणाम शून्य धरला जातो.

धोरणानेच जन्म अडले होते, तर ते उठवल्यावर मुले वाढायला हवी होती. १ जानेवारी २०१६ पासून सर्वांना दोन मुलांची मुभा मिळाली. त्या वर्षी १ कोटी ७८ लाखांवर जन्म झाले. २०२१ मध्ये तिसऱ्या मुलाचीही परवानगी आली. २०२३ साली जन्म उरले सुमारे ९० लाख.

धोरणाची एक किंमत मात्र मोजली गेली. मुलांच्या संख्येवर बंधन आले, पण ‘मुलगाच हवा’ हा हट्ट तसाच राहिला. २००४ च्या सुमारास चीनमध्ये दर १०० मुलींमागे सुमारे १२१ मुलगे जन्मत होते.

‘भारताने काही केले नाही’

भारताचा जननदर १९७१ मध्ये ५.२ होता, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात तो २.० आहे. सक्तीचा एकच मोठा प्रयोग आणीबाणीत झाला: १९७६-७७ मध्ये ८२ लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया. पुढच्याच वर्षी कार्यक्रम कोसळला आणि पुरुष नसबंदी त्यातून कधीच सावरली नाही. आज ती पद्धत वापरणाऱ्या जोडप्यांचे प्रमाण ०.३ टक्के आहे, स्त्री शस्त्रक्रियेचे ३७.९ टक्के.

मग लोकसंख्या अजून का वाढते? जननदर जास्त होता त्या काळात जन्मलेल्या मुली आज आई होण्याच्या वयात आहेत. प्रत्येकीला दोनच मुले झाली तरी जन्मांची एकूण संख्या मोठीच राहते. २०२० मध्ये हजारी जन्मदर १९.५ आणि मृत्युदर ६.० होता. ही वाढ वयोरचनेतून येते आणि आजचा कोणताही कायदा त्या मुलींची संख्या बदलू शकत नाही.

‘दोन अपत्यांची सक्ती करा’

महाराष्ट्रात ती अंशतः आहेच. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरे अपत्य झालेल्याला ग्रामपंचायतीची निवडणूक लढवता येत नाही. राज्य सरकारच्या नोकरीसाठी २००५ पासून लहान कुटुंबाचे, म्हणजे दोनपेक्षा जास्त अपत्ये नसल्याचे, प्रतिज्ञापन द्यावे लागते. पण राज्याचा जननदर १९९८-९९ मध्येच २.५ होता आणि तो उतरणीला लागलेला होता, आता १.७ आहे. असा नियम नसलेल्या केरळमध्ये तो १.८ आणि पश्चिम बंगालमध्ये १.६ आहे. उलट राजस्थानात पंचायतींसाठी १९९० च्या दशकाच्या मध्यापासून नियम होता, तरी २००५-०६ मध्ये जननदर ३.२ होता. आंध्र प्रदेशाने तर २०२४ मध्ये स्थानिक निवडणुकांसाठीची ही अट रद्द केली.

जननदर खरोखर जास्त उरला आहे तो बिहारसारख्या राज्यात, ३.०. तिथे २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी ४०.८ टक्के जणींचे लग्न अठराच्या आत झालेले होते. पाळणा लांबवायची किंवा थांबवायची इच्छा असूनही साधन न वापरणाऱ्या विवाहित स्त्रिया १३.६ टक्के आहेत. त्यांना कायद्याचा धाक दाखवून काही मिळणार नाही. मुलीची शाळा बारावीपर्यंत सुटू नये, आरोग्य केंद्रात तांबी बसवणारी प्रशिक्षित नर्स रोज हजर असावी आणि दर तीन महिन्यांचे ‘अंतरा’ हे गर्भनिरोधक इंजेक्शन तारखेला मिळावे, याची त्यांना गरज आहे. एक डोस चुकला तरी पुढच्या काही महिन्यांत नको असलेली गर्भधारणा होऊ शकते.