तीस सेकंद आणि बहात्तर कट्टे

फवारणीचा पंप माझ्या हातून गेला त्याला आज बारा दिवस झाले, आणि गावात अजूनही मला कोणी ‘रामराम’ घालत नाही. पारावरून जाताना सरळ ‘बहात्तर’ अशी हाक येते. डेअरीवर दुधाचे माप लिहिणारा मुलगा तर माझ्या नावापुढे वहीतही ७२ असा आकडा टाकतो, आणि त्यामुळे परवा माझ्या खात्यावर कोणाचे तरी भलतेच दूध चढले.

झाले ते थोडक्यात सांगतो. नवरात्रात आमच्या शारदादेवीच्या मंडळाने पारासमोर ट्रॅक्टरची ट्रॉली उभी केली, तिच्यावर दोन प्लास्टिकच्या खुर्च्या समोरासमोर मांडल्या आणि टीव्हीवरच्या करोडपतीच्या धर्तीवर पाच प्रश्नांचा खेळ ठेवला. जिंकणाऱ्यास तालुक्याच्या एका कृषी केंद्राकडून बॅटरीवर चालणारा फवारणीचा पंप आणि हरणाऱ्यास बियाण्याच्या कंपनीची टोपी, असे बक्षिसांचे स्वरूप होते. मला कोणी आग्रह केला नव्हता. मी स्वतः जाऊन पहिले नाव लिहून दिले, कारण या खेळांचा माझ्याइतका जुना भक्त पंचक्रोशीत दुसरा नाही, असा माझा समज होता.

तो समज अगदीच निराधार होता असे नाही. १९८५ साली दूरदर्शनवर सिद्धार्थ बसू यांचे ‘क्विझ टाइम’ लागू लागले तेव्हा मी शाळकरी होतो आणि गावात मोजून दोन टीव्ही होते. प्रश्न इंग्रजीत असल्यामुळे ते मला आणि ज्यांच्या ओसरीवर मी बसत असे त्या पाटलांना सारखेच कळत नसत. पण उत्तर चुकले तरी त्या माणसाचा आवाज चढत नाही, एवढे आम्हा दोघांनाही कळत असे. पुढे १९९३ मध्ये झी टीव्हीवर अन्नू कपूर यांची अंताक्षरी आली. समोरच्याचे गाणे अडले की ते स्वतःच गाऊ लागत, आणि अडलेला माणूस अडल्याचे दुःख विसरून टाळ्या वाजवीत असे. बांदेकर भावोजींचा ‘होम मिनिस्टर’ २००४ मध्ये सुरू झाला तेव्हा आमच्या गल्लीतल्या बायकांनी संध्याकाळचा स्वयंपाक अलीकडे ओढला. पैठणी एकीलाच मिळत असे, पण नवऱ्याची तक्रार प्रत्येकीला पुरती करू दिली जात असे, आणि माझ्या मते अर्धी लोकप्रियता त्या तक्रारीची होती.

मात्र या सर्वांचा मेरुमणी म्हणजे ‘कौन बनेगा करोडपती’. ३ जुलै २००० या दिवशी, सोमवारी, रात्री नऊ वाजता स्टार प्लसवर तो पहिल्यांदा लागला. आमच्याकडे पेरणीचे दिवस होते आणि केबलवाल्याची छत्री नुकतीच गावात बसली होती. अमिताभ बच्चन यांनी पडद्यावर येऊन हात जोडले की माझी आई डोक्यावरचा पदर सारखा करून घेत असे. परका पुरुष घरात येऊन नमस्कार करतो आहे आणि आपण उघड्या डोक्याने बसलो आहोत, हे तिला पटत नसे. टीव्हीतल्या माणसाला आपण दिसत नाही, हे मी तिला दोनदा समजावले, त्यावर ती म्हणाली, “त्याले नसन दिसत, आपल्याले तं दिसते ना.” पंधरा प्रश्न, पाचव्याला दहा हजार पक्के, दहाव्याला तीन लाख वीस हजार पक्के आणि शेवटी एक कोटी, ही शिडी मला अजून तोंडपाठ आहे. त्याच वर्षी मुंबईच्या हर्षवर्धन नवाथे यांनी ती शिडी शेवटपर्यंत चढली, तेव्हा आमच्या गावात तो आपल्यातलाच कोणी असल्यासारखे पेढे वाटण्याची भाषा झाली होती. पेढे वाटले गेले नाहीत, पण भाषा झाली होती.

त्या खेळाची कळ थांबण्यात होती. उत्तर देण्यास माणसाला हवा तेवढा वेळ मिळे. घड्याळे बिड्याळे पुढच्या पर्वांत आली. आणि मित्राला फोन लावायचा झाला तर आधी अमिताभजी स्वतः बोलत: नमस्कार करीत, आपण कोण, कोठून बोलतो आहोत, तुमचे स्नेही कितव्या प्रश्नावर बसले आहेत, हे सारे त्या फोनवरच्या माणसाला शांतपणे सांगत, त्याचा बसलेला घसा मोकळा होऊ देत, आणि मग प्रश्न सुरू झाला की तीस सेकंद मोजले जात. वाचकांनी हा तपशील कृपया लक्षात ठेवावा, कारण माझे सगळे भांडण याच एका तपशिलाशी आहे.

आमचा सूत्रसंचालक तालुक्याहून आणला होता. एरवी हा गृहस्थ लग्नात आहेर पुकारतो आणि निवडणुकीत प्रचाराच्या ऑटोत बसून ओरडतो. त्यामुळे माइक हाती आला की समोरचा माणूस तीन किलोमीटरवर उभा आहे असे धरूनच तो बोलतो. ऑक्टोबरच्या त्या उकाड्यात त्याने चकाकणारा काळा कोट घातला होता, आणि दर दोन वाक्यांनी तो “टाळ्या झाल्या पाहिजेत” असा दम देत होता.

पहिला प्रश्न संत गाडगेबाबांच्या जन्मगावाचा निघाला. शेंडगाव आमच्याच अंजनगाव सुर्जी तालुक्यात आहे, तेव्हा तो प्रश्न मला विचारणे हा माझा अपमानच होता, पण पंपाकडे पाहून मी तो गिळला. तिसऱ्या प्रश्नाला जनतेचा कौल घेतला. लहान मुलांनी चारही पर्यायांना दोन्ही हात वर केल्यामुळे तो वाया गेला, आणि उत्तर मी अंदाजाने देऊन बचावलो. पाचवा प्रश्न आला तो असा: अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची स्थापना कोणत्या वर्षी झाली? १९६०, १९६५, १९६९ की १९७२? मी फिफ्टी-फिफ्टी मागितले. सूत्रसंचालकाने खिशातली चिठ्ठी पाहून ६० आणि ६५ खोडले. आज मला या विषयात विचाराल ते सांगता येईल: राहुरीचे विद्यापीठ १९६८ चे, परभणी आणि दापोलीची १९७२ ची, भाऊसाहेब म्हणजे खुद्द पंजाबराव देशमुख गेले १९६५ मध्ये, आणि अकोल्याचे विद्यापीठ स्थापन झाले २० ऑक्टोबर १९६९ रोजी. परंतु हे सारे ज्ञान गेल्या बारा दिवसांतले आहे. त्या रात्री ट्रॉलीवर माझ्यापाशी उरला होता तो फक्त फोन, आणि फोनच्या त्या टोकाला माझा साळा, जो खुद्द अकोल्याला शेतकीची पदविका शिकून आला आहे.

सूत्रसंचालकाने माझाच मोबाइल घेतला, नंबर लावला, माइक मोबाइलला चिकटवला आणि कोपऱ्यातल्या पोराला म्हणाला, “चालू कर रे टाइम.” म्हणजे घंटी वाजण्याच्या आधीच घड्याळ सुरू झाले. मी हरकत घेईपर्यंत भोंग्यातून साळ्याची कॉलर ट्यून घुमली, आणि ती निघाली शेगावच्या गजानन महाराजांची आरती. साऱ्या पाराने हात जोडले. बसलेल्या बायका उठून उभ्या राहिल्या, दोन म्हाताऱ्यांनी टोप्या काढल्या, मागे कोणीतरी टाळही धरला. सूत्रसंचालकाने कोटाचे बटण लावून डोळे मिटले. घड्याळ मात्र कोणी थांबवले नाही. देवाच्या दारात “अरे, माझे सेकंद चालले” असे ओरडावे तरी कसे? मीही हात जोडून उभा राहिलो, आणि महाराजांनी माझे तब्बल बारा सेकंद घेतले.

“हालो! बोला भाऊजी!”

“अरे ऐक, अकोल्याचं कृषी विद्यापीठ...”

“पहले हे सांगा, सोयाबीन निंघालं का तुमचं?”

“निघालं रे. विद्यापीठ कोणत्या साली...”

“उतारा काय लागला?”

“एकरी सहा! बाबा, साल सांग, साल! एकोणसत्तर का बहात्तर?”

“थांबा भाऊजी, एक मिनिट. हा हमाल मोजनी चुकवून राह्यला. ए, ठेव तो कट्टा खाली! कुठीसा होतो मी? एकोणसत्तर... सत्तर... एकाहत्तर... बहात्तर!”

आणि पोराने शिट्टी फुंकली.

माझ्या मनात शंका आली नाही असे नाही. शेवटचा आकडा त्याने जोरात म्हटला होता, पण त्याच्या आधी आणखी तीन आकडे होते, आणि मला क्षणभर विचार करायचा होता. येथे बच्चनसाहेब असते तर त्यांनी पाण्याचा पेला पुढे केला असता, माझ्या डोळ्यांत पाहून “तुमची खात्री आहे?” असे विचारले असते, आणि त्या एका प्रश्नाने मी कदाचित सावरलो असतो. आमचा माणूस म्हणाला, “साळेसाहेब बहात्तर म्हनले. लॉक करू? करतो. केलं!” हे तिन्ही शब्द त्याने एका श्वासात उरकले आणि डीजेवाल्याने लगेच रडका भोंगा वाजवला. त्यावर पुन्हा माइकवर, “काका, टीव्हीसमोर बसून उत्तरं देनं सोपं असते. टाळ्या झाल्या पाहिजेत!” आणि टाळ्या झाल्या. माझ्या चुलतभावानेही वाजवल्या. माझ्या डोक्यावर त्याने टोपी ठेवली, तीही उलटी.

सूत्रसंचालकाने समोरच्याला टाकून बोलावे, असा एक खेळ टीव्हीवर होऊन गेला आहे, हे मी जाणतो. इंग्लंडमध्ये ॲन रॉबिन्सन नावाच्या बाई बीबीसीवर तसा खेळ चालवीत, आणि त्याच नमुन्यावर नीना गुप्ता यांनी आपल्याकडे ‘कमज़ोर कड़ी कौन’ केले. मी ते दोन-तीनदा पाहिले आणि मग त्या वेळेला बैलांना वैरण टाकायला जाऊ लागलो. पण त्या बायांचे टोमणे निदान नीट ऐकून झाल्यावर मारलेले असत. चुकलेले उत्तर त्या लक्षपूर्वक ऐकत, मगच सोलत. हल्ली लग्न असो, हळदीकुंकू असो की ग्रामपंचायतीचा सत्कार, माइक धरणारा माणूस समोरच्याचे काही ऐकतच नाही. बोलणाऱ्याला मधेच तोडणे हीच त्याची कला होऊन बसली आहे, आणि आपण तिला टाळ्या देतो. हे मी हसण्यावारी नेऊन पाहिले. गेले नाही. पंप तीन हजारांच्या घरातला होता आणि माझा जुना पंप गळतो, हेही त्याचे एक कारण असू शकेल.

घरी आलो तर सौभाग्यवती दारातच उभ्या होत्या. २०१९ मध्ये आमच्याच अंजनगाव सुर्जीच्या, शाळेत मुलांना खिचडी शिजवून घालणाऱ्या बबिता ताडे यांनी अमिताभजींसमोर बसून एक कोटी जिंकले, तेव्हापासून आमच्या घरात सामान्यज्ञानाचा विषय निघाला की शेवट ठरलेला असतो. तरी त्या रात्री त्यात नवी भर पडली. “ताडेताईनं मुंबईले जाऊन एक कोट आनले,” ती म्हणाली, “तुमी पारावर जाऊन टोपी आनली.”

साळ्याचा फोन त्याच रात्री साडेदहाला आला. “मी तं एकोणसत्तर म्हनलोच होतो भाऊजी! तुमच्या प्रश्नाचं उत्तर पहले देलं, मंग पुढचे कट्टे मोजले. तुमी ऐकलं नाही, त्याले मी काय करू?” या युक्तिवादाला अद्याप मला उत्तर सापडलेले नाही. चुलतभाऊ, डेअरीवाला आणि प्रत्यक्ष माझी बायको, सगळे आता त्याच्याच बाजूचे आहेत.

परवा तो सोने द्यायला आला तेव्हा त्याच्या मोटारसायकलच्या मागे एक फवारणीचा पंप बांधलेला होता. “माह्यापाशी दोन झाले,” तो म्हणाला, “हा तुमाले ठेवा.” माणूस मनाने वाईट नाही, हे मी कबूल करतो. मी पंप उचलून ओसरीवर ठेवला आणि टाकीवरचा स्टिकर वाचला. त्याच कृषी केंद्राचा होता.

“हा कुठून आणलास?”

“बक्षीस भेटला ना मले गणपतीत, आमच्या गावात. हाच काया कोटवाला आला होता. अन् पाचवा प्रश्नही हाच, अकोल्याचा.”

मी काही वेळ पंपाच्या नळीशी चाळा करीत राहिलो. मग शक्य तितक्या सहज आवाजात विचारले, “तुला टाइम किती दिला होता त्याने?”

“टाइम?” साळा आठवू लागला. “टाइमाचं काही नाही बा. मी उत्तर देत होतो तं मधातच लाइन गेली. मंग त्यानं मले खाली बसवून चाहा पाजला, अर्ध्या घंट्यानं लाइन आली, अन् मंग इचारलं, हां भाऊ, काय म्हनत होते तुमी?”