पाणी संपलं की बोट हलवावीच लागते

नमस्कार. टाळेबंदीतल्या कालव्याबद्दलचा माझा लेख वाचून तुम्ही लिहिलंत, की मुंबईत माणसं दहा बाय दहाच्या खोलीत कोंडलेली असताना आम्ही इंग्लंडात बोटीतून सहल करत होतो, आणि या गावचा कोरोना त्या गावाला पोचवत होतो. आरोप गंभीर आहे, म्हणून सविस्तर लिहिते. हाच राग २०२०च्या वसंतात कालव्याकाठी राहणाऱ्या इंग्रज शेजाऱ्यांच्याही डोळ्यांत मला दिसला होता.

आमची नॅरोबोट, म्हणजे इंग्लंडातल्या कालव्यांवरची लांब, अरुंद बोट, हेच आमचं एकमेव घर आहे. रुंदी सात फुटांच्याही आत, मुक्काम ग्रँड युनियन कालव्यावर. आमच्यासारखी ज्यांना बोट बांधायची कायमची जागा नाही, त्यांना १९९५च्या कायद्याप्रमाणे एका ठिकाणी सलग १४ दिवसांपेक्षा जास्त राहता येत नाही. २३ मार्चला टाळेबंदी जाहीर झाली, आणि कालवे सांभाळणाऱ्या कॅनाल अँड रिव्हर ट्रस्टने ही अट स्थगित केली. आहात तिथेच थांबा, अगदी गरज पडली तरच हला, असं सांगितलं. आम्ही थांबलो. पण गरज पडायचीच.

बोटीत नळाला येतं ते टाकीतलं पाणी. ते आम्हीच जाऊन भरून आणायचं. त्या दिवसांत दर थोड्या वेळाने वीस सेकंद हात धुवा, बाहेरून आलात की कपडे धुवा, असं सगळीकडून सांगत होते आणि ते बरोबरच होतं. फक्त त्यामुळे टाकी नेहमीपेक्षा लवकर तळाला जायची. पाणी भरायची जागा कधी कधी कित्येक मैलांवर, मध्ये लॉक, म्हणजे बोट वरच्या किंवा खालच्या पातळीवर नेणारी, दोन्हीकडे दारं असलेली पाण्याची कोठडी. बोटीतल्या संडासाची मैल्याची पेटी रिकामी करायला एक वेळ ढकलगाडीवर घालून नेता येईल, शेकडो लिटर पाणी कसं आणणार? आजाराला दूर ठेवायचं म्हणूनच बोट हलवावी लागत होती.

लॉकमधून जाताना आम्ही काय करत होतो, तेही सांगते. ग्रँड युनियनच्या या भागातले लॉक रुंद आहेत, दोन नॅरोबोटी शेजारी शेजारी मावतात. पाणी वाचावं म्हणून एरवी अनोळखी बोटीसोबतही आपण आत शिरतो. ते आम्ही बंद केलं. पॅडल, म्हणजे लॉकमध्ये पाणी सोडणारी झडप, उचलायचं ते स्वतःच्याच विंडलासने, म्हणजे ती फिरवायच्या हँडलने, हातमोजे घालून. दाराची लाकडी तुळई पाठीने रेटायची. पाण्याच्या नळाला हात लावण्याआधी आणि नंतर साबण. एवढ्या सगळ्यात दुसऱ्या माणसाच्या जवळ जायची वेळ क्वचितच येते.

खरी भीती आम्हाला काठावर होती. घोड्यांनी बोटी ओढायच्या काळातली ती पायवाट बऱ्याच ठिकाणी दोन मीटरसुद्धा रुंद नाही. व्यायामाला निघालेली माणसं, धापा टाकत पळणारी, सायकलवाले, सगळे आमच्या उघड्या खिडकीपासून हातभर अंतरावरून जायचे. आमच्या मागच्या बोटीत एक वृद्ध बाई एकट्या राहत. दिवसभर खिडक्या लावून बसायच्या. त्यांचा दोष काय होता?

एका बाबतीत मात्र मी पूर्णपणे तुमच्या बाजूची आहे. ज्यांचं पक्कं घर दुसरीकडे होतं आणि तरी जे हवापालट म्हणून आपल्या हौसेच्या बोटीवर येऊन राहू पाहत होते, ते चुकत होते. गावातलं एकुलतं एक दुकान आधीच अपुरं पडत होतं. फिरायला बोट काढायला तेव्हा मनाई होती आणि ती योग्य होती. कृपा करून त्यांना आणि आम्हाला एका मापाने मोजू नका. आम्हाला परत जायला दुसरं घर नव्हतं.

आणि तुम्ही ज्या दहा बाय दहाच्या खोल्यांचा दाखला दिलात, तिथल्या माणसांना तरी 'घरातच राहा' कुठे पाळता येत होतं? चाळीतला संडास गॅलरीच्या टोकाला, वस्तीतला तर गल्लीबाहेर. रोज रांगेत उभं राहावंच लागायचं. त्यांना कोणी बेजबाबदार म्हटलं असतं, तर तुम्हीच त्यांच्या बाजूने भांडला असता. त्यांचे हाल आमच्यापेक्षा कितीतरी जास्त होते, हे मला ठाऊक आहे. पण ज्यांच्या घरात नळ आणि संडास दोन्ही आहेत, त्यांना डोळ्यांसमोर ठेवून तो नियम लिहिला होता. बाकीच्यांनी तो जमेल तसा पाळला.

राहिला तुम्हाला खटकलेला फोटो, ब्लिसवर्थ इथल्या कालव्याच्या बोगद्याच्या तोंडाशी आम्ही हसत उभे आहोत तो. इंग्लंडातले कालवे जूनमध्ये बोटी फिरवायला पुन्हा खुले झाले. तो फोटो त्यानंतरचा, जुलैमधला आहे.