सक्तीची विश्रांती

आमच्या कार्यालयात विश्रांतीचे धोरण लागू झाले आणि तेव्हापासून मला थकवा जाणवू लागला. त्यापूर्वी मी नुसते काम करीत होतो. दुपारी डबा खात होतो, साडेचारच्या सुमारास खाली टपरीवर जाऊन कटिंग पीत होतो आणि या दोन्ही गोष्टींची नोंद चित्रगुप्ताखेरीज कोणाकडे होत नव्हती. आता ती मनुष्यबळ विभागाच्या ॲपमध्ये होते, आणि चित्रगुप्त निदान हिशेब एकदाच, शेवटी, मागतो.

याची सुरुवात ऑक्टोबरात झाली. १० ऑक्टोबर हा जागतिक मानसिक आरोग्य दिन असतो आणि २०२४ साली त्याचा विषयच कामाच्या ठिकाणचे मानसिक आरोग्य हा होता. ही गोष्ट आमच्या संचालकांच्या कानावर गेली, त्यांनी ती साहेबांच्या कानावर घातली, आणि साहेबांनी परिपत्रक काढले की कर्मचाऱ्यांनी कामात अधूनमधून थांबून मनाला विसावा द्यावा, जेवणाची सुट्टी पूर्ण घ्यावी आणि या विषयावरील बैठकीस सर्वांनी न चुकता हजर राहावे. जेवणाच्या सुट्टीचे महत्त्व पटवून देणारी ही बैठक दुपारी सव्वा वाजता, म्हणजे जेवणाच्या सुट्टीत ठेवली होती. डोंबिवलीहून पहाटे उठून करून आणलेल्या भाजीपोळीचे डबे टेबलावर बंद पडून होते आणि समोरच्या पडद्यावर एक बाई समुद्रकिनारी डोळे मिटून बसली होती.

बैठकीतली माहिती मात्र उत्तम होती, हे मान्य केले पाहिजे. मनुष्यबळ विभागाच्या मॅडम वयाने माझ्या मुलीएवढ्या असल्या तरी अभ्यास करून आल्या होत्या. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली ‘बर्नआउट’ला रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात जागा दिली, पण ती रोग म्हणून नव्हे, तर नोकरीशी निगडित एक अवस्था म्हणून, कामावरच्या दीर्घकाळच्या ताणाचा वेळीच बंदोबस्त झाला नाही की ही अवस्था येते, असे त्यांनी सांगितले. हा बंदोबस्त कोणी करायचा, यावर बैठकीत फारसा खल झाला नाही. तो कर्मचाऱ्याने करायचा होता, आणि तोही आपल्याच फोनमध्ये आपल्याच डेटावर ॲप उतरवून घेऊन. याच संघटनेने २०२२ साली दिलेल्या मार्गदर्शक सूचनांमध्ये कामाची रचना बदलणे आणि वरिष्ठांना प्रशिक्षण देणे हेही सुचवले आहे. मॅडम त्या पानावर आल्या तेव्हाच साहेबांना महत्त्वाचा फोन आला आणि पुढचे पान घ्यावे, असा त्यांनी हातानेच इशारा केला.

ॲपचे काम असे चालते. दर दोन तासांनी फोन थरथरतो आणि ‘थांबा, खोल श्वास घ्या’ अशी सूचना येते. त्यानंतर पाच मिनिटांत आपण जागेवरून उठून ठरलेल्या ठिकाणचा क्यूआर कोड टिपला नाही तर आपल्या नावापुढचा हिरवा ठिपका पिवळा होतो, आणखी थोड्या वेळाने लाल होतो आणि लाल नावांची यादी सोमवारी सकाळी साहेबांच्या टेबलावर पडते. साहेब मग विश्रांती का घेतली नाही याचा लेखी खुलासा मागवतात. हा खुलासा लिहायला वेळ लागतो, तो काढण्यासाठी काम लांबते, काम लांबले की पुढची विश्रांती चुकते आणि तिचा वेगळा खुलासा द्यावा लागतो. सरकारी खात्यात उमेदवारी केलेली आमच्यातली काही ज्येष्ठ मंडळी सोडली तर हे चक्र कोणालाच पेलले नाही. त्यांनी खुलाशाचा एक नमुना तयार करून ठेवला आणि त्यात फक्त तारीख बदलायची सोय केली.

एकदा मॅडमनी मला बोलावून अतिशय आपुलकीने विचारले, “काका, तुमचा स्कोअर रेडमध्ये आहे. घरी काही टेन्शन आहे का?” मी म्हटले, “घरी नाही. घरी ॲप नाही.” त्यांनी ते लिहून घेतले.

धोरणाचा दृश्य भाग म्हणजे पँट्रीशेजारी आलेल्या बीन बॅग. पन्नाशी उलटलेल्या माणसाने इस्त्रीची विजार घालून बीन बॅगमध्ये बसू नये, असा कायदा व्हायला हवा. बसताना काही अडचण येत नाही. आपण बसत नसून आपल्याला आत घेतले जात आहे, एवढेच जाणवते. गुडघे हनुवटीच्या पातळीवर येतात, खिशातली नाणी आणि रेल्वेचा पास खाली गळतात आणि ढेरी नावाच्या ज्या गोष्टीकडे आपण वर्षानुवर्षे दुर्लक्ष केले, ती थेट डोळ्यांसमोर येऊन बसते. उठण्यासाठी आधी एका कुशीवर कलावे लागते, मग एक हात जमिनीवर टेकावा लागतो, आणि नेमक्या त्या अवस्थेत संचालक परदेशी पाहुण्यांना घेऊन ‘हा आमचा रिलॅक्सेशन झोन’ असे म्हणत येतात. पाहुण्यांनी मला हात दिला. तो त्यांनी हस्तांदोलनासाठी पुढे केला होता, पण मी तो वर येण्यासाठी वापरला.

शांतता कक्षाबद्दल मला अधिक वाईट वाटते. तिथे पूर्वी जुन्या दप्तरांची खोली होती. कपाटामागे एक मोडका हात असलेली खुर्ची होती आणि जाणकार मंडळी दुपारी तिच्यावर पंधरावीस मिनिटे डोळा लावून येत. या डुलकीला शास्त्राचा आधार आहे, हे आम्हाला ठाऊक नव्हते. लांब पल्ल्याच्या विमानांच्या वैमानिकांना सुमारे २६ मिनिटे झोप मिळाली तर पुढे त्यांची सतर्कता वाढते, असे नासाच्या अभ्यासात दिसून आले आहे. आमच्या खुर्चीने नासाची वाट पाहिली नव्हती. धोरण आले तशी दप्तरे गेली, खुर्ची गेली, भिंतीला फिकट निळा रंग लागला, बांबूचे रोप आले आणि दारावर आगाऊ आरक्षणाचा तक्ता लागला. पहिल्या आठवड्यात लोक तिथे खरोखरच गप्प बसले. नंतर विक्री विभागाच्या लक्षात आले की संपूर्ण मजल्यावर ग्राहकाशी फोनवर मोठ्याने बोलण्यासाठी याहून चांगली जागा नाही. आता कक्ष सकाळी साडेनऊपासून भरलेला असतो आणि दाराच्या काचेतून आत हातवारे करणारा माणूस दिसतो.

आमची काचेची इमारत जिथे उभी आहे तिथे पूर्वी कापडाची गिरणी होती. लोअर परळमध्ये ही काही विशेष सांगण्यासारखी गोष्ट नाही. जिथे दगड टाकावा तिथे गिरणी होती. पण याच गिरण्यांतल्या कामगारांसाठी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली सरकारी आयोगापुढे जो अर्ज ठेवला, त्यात दर आठवड्याला एक दिवस सुट्टी आणि दुपारी अर्धा तास विसावा, अशाही दोन साध्या मागण्या होत्या. सूर्य उगवण्याच्या आधी आत जायचे आणि तो मावळला की बाहेर यायचे, असे दिवस होते ते. रविवारची सुट्टी मिळायला १० जून १८९० उजाडला, आणि दुपारचा अर्धा तास १८९१ च्या कारखाना कायद्यात आला. लोखंड्यांनी बांबूचे रोप मागितले नव्हते. त्यांनी अर्धा तास मागितला होता, भोंगा वाजला की यंत्र थांबेल आणि त्या अर्ध्या तासात माणूस जेवतो, झोपतो की बिडी ओढतो हे कोणी विचारणार नाही, असा. महाराष्ट्रात दुकाने आणि कार्यालयांसाठी २०१७ साली जो कायदा झाला, त्यानेही सलग पाच तासांच्या कामानंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती घालून दिली. म्हणजे जे आम्हाला कायद्याने कधीच मिळालेले होते, तेच आता रिबीन बांधून भेट म्हणून देण्यात येत होते, आणि वर पावतीही मागितली जात होती.

श्वसनाच्या सत्राविषयी मी फार लिहिणार नाही. ते बुधवारी ऑनलाइन होते, कॅमेरा चालू ठेवणे सक्तीचे असते आणि डोळे मिटलेल्या चाळीस माणसांमधून साहेब हळूच एक डोळा उघडून कोण टंकलेखन करीत आहे ते पाहतात. हे मला कसे कळले, ते विचारू नये.

खरी विश्रांती आम्हाला मिळत होती ती टपरीवर. फाटकाबाहेर, गुलमोहराखाली, तिथला माणूस फरशीच्या तुकड्यावर वरवंट्याने आले ठेचतो, ते मुठीने उकळत्या पातेल्यात सोडतो आणि चहा वर येऊन सांडणार इतक्यात पातेले उचलतो. हे पाहत उभे राहिले की दोन-तीन मिनिटे डोक्यात काहीच नसते. मग कोणी तरी मध्य रेल्वेवर शिव्यांची लाखोली वाहतो, कोणी मुलाच्या बारावीचे गाऱ्हाणे सांगतो, साहेबांची नक्कल होते, आणि माणसे वर जाताना आलेल्यापेक्षा थोडी सैल झालेली असतात. साहेब स्वतः कधी खाली येत नाहीत. ते आले असते तर धोरणाचा निम्मा खर्च वाचला असता, असे माझे मत आहे. कारण वरचा माणूस जागेवरून हलत नाही तोवर खालच्याने उठणे म्हणजे कामचुकारपणा, हे इथे लहानपणापासून शिकवलेले असते.

पण टपरीची कीर्ती मनुष्यबळ विभागापर्यंत गेली आणि एके दिवशी चहावाल्याच्या पैसे घेण्याच्या क्यूआर कोडशेजारी विश्रांती नोंदवण्याचा दुसरा क्यूआर कोड चिकटला. पहिले काही दिवस गोंधळ झाला. काहींनी दहा रुपये ॲपला देण्याचा प्रयत्न केला, काहींनी चहावाल्याकडे आपला मूड नोंदवला. नंतर लेखा विभागाने, जो बुद्धीसाठी प्रसिद्ध आहे, यातून मार्ग काढला. दर दोन तासांनी ऑफिसबॉय चहा आणायला खाली जातोच, तर जाताना त्याने सगळ्यांचे फोनही न्यावेत. एका हातात सहा पेल्यांची तारेची चौकट आणि दुसऱ्या हातात फोनांनी भरलेला स्टीलचा ट्रे घेऊन तो लिफ्टमध्ये शिरू लागला. कोणाच्या फोनचे कुलूप कसे उघडते ते त्याला पाठ झाले. सोमवारची यादी हिरवीगार झाली. जागेवरून न उठता अख्खा मजला विसावू लागला, आणि संचालकांनी या यशाबद्दल साहेबांचे जाहीर अभिनंदन केले.

ऑफिसबॉय कंत्राटी असल्याने त्याला हे ॲप लागू नव्हते. त्याने एके दिवशी माझ्यासमोर अर्ज ठेवला की साहेब, एक वाजताच्या फेरीत माझी जेवणाची सुट्टी जाते, तर ती द्यावी. अर्ज वहीच्या पानावर, स्वच्छ अक्षरात होता. कंत्राटी माणसांची पत्रे माझ्याच खात्यातून पुढे जातात, म्हणून मी शिफारस लिहून सही केली आणि आजपासूनच घे, म्हणून सांगितले. त्याने मान डोलावली, ट्रे माझ्या टेबलावर ठेवला, खुंटीवरची डब्याची पिशवी काढली आणि तो जिन्याने निघून गेला. एक वाजला आणि ट्रेमधले सगळे फोन एकदम थरथरू लागले. काचेच्या टेबलावर स्टीलचा ट्रे सरकत कडेला निघाला, मजल्यावरची माणसे धावत आली, आणि सगळ्यांचे कव्हर काळेच असल्याने कोणता फोन कोणाचा, यावरून जी हातघाई सुरू झाली, ती मिटेपर्यंत पाच मिनिटे केव्हाच उलटून गेली होती.