समाजमंदिर दिलं कुणाला, ते तरी सांगा!

वॉर्डातलं समाजमंदिर कुठल्याशा संस्थेला दिलं, हे आम्हाला कधी कळलं? दाराला नवं कुलूप लागलं तेव्हा! किती वर्षांसाठी, किती भाड्यानं, कुठल्या ठरावानं? मालमत्ता विभाग म्हणतो बांधकामकडे जा. बांधकाम म्हणतं वॉर्ड ऑफिसला विचारा. तिथे साहेब मीटिंगमध्ये. रोज मीटिंगमध्ये!

शेवटी १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहितीचा अर्ज टाकला. ३० दिवसांनी उत्तर काय, तर ‘त्रयस्थ पक्षाची माहिती, देता येत नाही.’ अहो, त्रयस्थ कोण? आमच्या घरपट्टीतून बांधलेली इमारत आणि परके आम्हीच?

संस्थांना जागा द्या ना, जरूर द्या. आमचा बचत गटच तीन वर्षं जागा शोधतोय. पण जागा द्यायची आहे हे आधी चार लोकांना कळायला नको? माहिती अधिकार कायद्याचं कलम ४ सांगतं, सवलती-परवाने कुणाला दिले ते कुणी न मागता जाहीर करा. मुदत होती १२० दिवस. कायदा २००५ चा! अजून किती दिवस मोजायचे?

पहिलं अपील परवाच टाकलंय. ठरावाची प्रत हातात पडेपर्यंत मी वॉर्ड ऑफिसच्या खिडकीसमोरून हलणार नाही.