डेंगळे फुलल्यावर फवारणी नको

कांद्याचं बी धरणाऱ्यांनी हे जरूर वाचावं. जानेवारी-फेब्रुवारीत डेंगळे, म्हणजे कांद्याचे फुलांचे दांडे, फुलतात आणि पुढे काढणीला तीच ओरड सुरू होते: गोंडे (दांड्याच्या टोकाचे फुलांचे झुबके) टपोरे होते, बी मात्र भरलं नाही. मग खताला दोष, हवामानाला दोष. गोंड्यावर मधमाशी बसत होती का, हे कुणी विचारत नाही.

कांद्याच्या फुलातले परागकण आधी झडतात, स्त्रीकेसर दोन-तीन दिवसांनी तयार होतो. त्यामुळे दुसऱ्या फुलाचा पराग कुणीतरी आणून द्यावाच लागतो. हे काम वाऱ्याच्या भरवशावर होत नाही. एका बोंडात तीन कप्पे आणि प्रत्येकात दोन, अशा जास्तीत जास्त 6 बिया भरतात. वाळलेला गोंडा तळहातावर चोळून बघा. पाणी-खत नीट असूनही बोंडामागे एक-दोनच काळे दाणे आणि बाकी पोचट निघत असतील, तर माश्या कमी पडल्या असं समजा.

आणि त्या कमी कशाने होतात? बहुतेकदा आपल्याच पंपाने. फुलकिडे दिसले की फिप्रोनील, इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम, जे दुकानात मिळेल ते मारलं जातं. यातली शेवटची दोन आंतरप्रवाही आहेत, म्हणजे झाडाच्या रसात भिनतात, आणि मधुरसातही उतरतात. म्हणून ‘आम्ही संध्याकाळी मारतो’ एवढ्याने भागत नाही. फुलकिड्यांचा बंदोबस्त कळ्या उमलण्याआधीच उरका. निळे चिकट सापळे लावले असतील, तर फुलोरा सुरू होताच काढून घ्या; निळ्या रंगावर मधमाशाही येतात आणि चिकटून मरतात. करपा रोगासाठी बुरशीनाशक मारणं अगदीच टळत नसेल, तर अंधार पडल्यावर मारा, कीटकनाशक त्यात मिसळू नका.

मेलिफेरा या पाळीव मधमाशीच्या पेट्या भाड्याने आणणार असाल, तर एकरी 2 ते 4 ठेवा. पण घाई करू नका. कांद्याच्या मधुरसात पोटॅशियम जास्त असल्याने माशीला तो फारसा रुचत नाही. पेटी लवकर आणली, तर माशी शेजारची मोहरी, धने धरते आणि तिकडेच जात राहते. 10-15 टक्के फुलं उमलली की रात्री पेट्या आणा. दार पूर्वेला, दुपारी सावली, स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत, नाहीतर मुंग्या चढतात. जवळच उथळ परातीत खडे टाकून पाणी ठेवा, नुसत्या पाण्यात माश्या बुडतात. एकदा ठेवलेली पेटी चार-पाच वाव इकडेतिकडे सरकवू नका; बाहेर गेलेल्या माश्या जुन्याच जागी परततात.

सातेरी, फुलोरी, आग्या या तर फुकट येणाऱ्या माश्या. बांध पेटवू नका, बांधावरची फुलणारी झुडपं तोडू नका, आग्या मोहोळाला पलिते लावू नका. जमिनीत बिळं करून राहणाऱ्या एकेकट्या माश्याही बांधाच्या उघड्या मातीतच असतात.

माशी किलोमीटरभर सहज फिरते, तिला तुमचा सातबारा कळत नाही. म्हणून पेट्या आणण्याआधी आजूबाजूच्या शेतकऱ्यांना भेटा. कोण कधी, काय फवारणार ते विचारा. फवारणी ठरलीच असेल, तर आदल्या रात्री सगळ्या माश्या परतल्यावर पेट्यांची दारं जाळीने बंद करा, वर ओलं गोणपाट टाका, आणि दुसऱ्या दिवशी पेट्या उन्हात तापणार नाहीत एवढं बघा.