काढा धमनीच्या भिंतीत पोहोचत नाही

लिंबू, आले, लसूण यांचा रस ॲपल सायडर व्हिनेगरसह उकळावा, त्यात मध घालून रोज सकाळी अनशापोटी घ्यावा, म्हणजे हृदयाच्या नळ्यांतील चरबी विरघळून ब्लॉकेज निघून जाते आणि अँजिओप्लास्टी टळते, छातीत दुखत नसेल तर नळ्या मोकळ्या झाल्या असे समजून गोळ्या बंद कराव्यात, असा संदेश कित्येक वर्षे व्हॉट्सॲपवर फिरतो आहे. तो पाठवणाऱ्याच्या मनात आपल्या माणसाची काळजीच असते; म्हणूनच त्यातील विधाने तपासून पाहणे मला आवश्यक वाटते.

नळीत चरबी साचते, ही कल्पनाच मुळात चुकीची आहे. मोरीच्या पाइपात तेलकट गाळ बसावा, तसे धमनीत घडत नाही. धमनीच्या आतून पेशींचे अत्यंत पातळ अस्तर असते. उच्च रक्तदाब, धूम्रपान किंवा मधुमेह यांमुळे ते दुखावले की रक्तातील एलडीएल (म्हणजे ‘वाईट’) कोलेस्टेरॉलचे कण अधिक सहजपणे अस्तराखाली, म्हणजे प्रत्यक्ष भिंतीत शिरतात आणि तेथेच अडकतात. त्यांना गिळण्यासाठी आलेल्या पांढऱ्या पेशी कोलेस्टेरॉलने फुगून तेथेच मरतात, भोवती तंतुमय ऊती वाढतात, कालांतराने कॅल्शियम साचते आणि भिंत जाड व कडक होते. यालाच धमनीकाठिण्य म्हणतात. काढ्यातील आम्ल तेथवर जाऊन काही विरघळवील, हेही शक्य नाही, कारण शरीर रक्ताचा सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचे माप) ७.३५ ते ७.४५ एवढ्या अरुंद मर्यादेत राखते.

लसणाने कोलेस्टेरॉल उतरते, हा दावा स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी तपासला होता. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत १९२ प्रौढांपैकी काहींना सहा महिने कच्चा लसूण किंवा लसणाच्या गोळ्या दिल्या गेल्या. त्यांच्या एलडीएलमध्ये लक्षणीय फरक पडला नाही. लसूण जेवणात जरूर असावा, पण औषधाच्या जागी नव्हे.

‘छातीत दुखत नाही, म्हणजे नळ्या मोकळ्या झाल्या’ हे विधान मला सर्वांत घातक वाटते. कोरियन युद्धात मृत्यू पावलेल्या ३०० अमेरिकन सैनिकांच्या शवविच्छेदनाचा अहवाल १९५३ साली प्रसिद्ध झाला. त्यांचे सरासरी वय अवघे २२ होते, तरीही सुमारे ७७ टक्के जणांच्या हृदयधमन्यांत धमनीकाठिण्याच्या खुणा आढळल्या. भिंत जाड होऊ लागली की धमनी आधी बाहेरच्या बाजूने रुंदावते, त्यामुळे रक्ताचा मार्ग बराच काळ अरुंद होत नाही आणि काहीही जाणवत नाही. शिवाय हृदयविकाराचा झटका पुष्कळदा मोठ्या अडथळ्यामुळे नव्हे, तर भिंतीत साचलेल्या मध्यम आकाराच्या थराचे पातळ आवरण फाटून त्यावर अचानक रक्ताची गुठळी झाल्याने येतो. हीच प्रक्रिया मेंदूच्या धमनीत झाली तर पक्षाघात होतो. पायांच्या धमन्या अरुंद झाल्या तर चालताना पोटऱ्यांत गोळे येतात आणि थांबल्यावर उतरतात.

राहिला गोळ्या बंद करण्याचा सल्ला. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या स्कँडिनेव्हियातील चाचणीत हृदयधमनीविकाराच्या ४,४४४ रुग्णांपैकी ज्यांना सिम्वास्टॅटिन हे कोलेस्टेरॉल कमी करणारे औषध दिले, त्यांच्यातील मृत्यूंचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी कमी आढळले. एकाही काढ्याच्या नावावर असा पुरावा नाही. ज्यांना नुकताच स्टेंट (धमनी उघडी ठेवणारी जाळीदार नळी) बसवला आहे, त्यांनी या संदेशावर विश्वासून रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या स्वतःहून थांबवल्या, तर स्टेंटमध्येच गुठळी होऊन जीव जाऊ शकतो.