खुलासा : डाउनलोड्समधल्या फायली विंडोज आपणहून पुसतं का?

‘विंडोज दर ३० दिवसांनी डाउनलोड्स फोल्डर रिकामं करतं, आजच फायली हलवा’ असा मेसेज बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या ग्रुपांवर फिरतोय. तो अर्धवट खरा आहे, म्हणून जास्त घोळ.

विंडोज १० आणि ११ मध्ये ‘स्टोरेज सेन्स’ नावाची सोय आहे. सी ड्राइव्हवर जागा कमी पडली की ती तात्पुरत्या फायली काढते आणि रिसायकल बिनमध्ये ३० दिवसांहून जास्त पडून असलेलं पुसते. मेसेजातला ३० चा आकडा बहुधा इथूनच उचललेला. डाउनलोड्ससाठी मूळ सेटिंग ‘नेव्हर’ असतं. कुणीतरी ते बदलल्याशिवाय त्या फोल्डरला हात लागत नाही. पण ‘कुणीतरी’ म्हणजे दुरुस्तीवाला असू शकतो, किंवा घरातलाच उत्साही पोरगा! ‘भूमी’ या कर्नाटक सरकारच्या जमीन-नोंदींच्या पोर्टलवरून काढलेला शेताचा उतारा महिनोन्‌महिने कोण उघडतो? सेटिंग बदललेलं असेल तर अशाच न उघडलेल्या फायली आधी जातात. सेटिंग्ज, सिस्टिम, स्टोरेज असं जाऊन एकदा बघाच.

लोकांच्या भीतीला कारण आहे, हेही सांगायला हवं. ऑक्टोबर २०१८ च्या विंडोज १० अपडेटमध्ये काहींच्या वैयक्तिक फायली खरोखर गेल्या आणि मायक्रोसॉफ्टला ते अपडेट थांबवावं लागलं. मात्र तो अपडेटमधला दोष होता, स्टोरेज सेन्सचा नव्हे.

फाइल गेलीच असेल, तर ती परत मिळण्याची शक्यता राहावी म्हणून त्या डिस्कवर नवीन काही उतरवू नका.